चार पानी खुलासा

१२ जून

ताई,

अक्षर ओळखून पत्र फाडणार असशील तर शेवटपर्यंत वाच आणि मग फाड. फोन केला की भावजी उचलतात आणि 'ती आंघोळीला गेलीय' म्हणतात. गेली चार वर्षं तू आंघोळच करते आहेस असं मी धरून चालले आहे. म्हणून हे पत्र.

कारण तुझी लेक. भिंगरी तुला दर रविवारी सांगते की सगळं ठीक चाललंय. ठीक चाललेलं नाही. तुला कळवू नये म्हणून तिनं मला शपथ घातली होती. ती मी मोडते आहे, कारण आईपासून लपवावं एवढं हे प्रकरण लहान राहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारच्या पाळीत आमच्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात एक आजोबा पलंगावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि परवा ते गेले. त्या वेळी ड्यूटी भिंगरीची होती आणि ती वॉर्डात नव्हती. शेजारच्या खोलीतल्या एका पेशंटचा श्वास अडकला होता, तिकडे ती धावली होती. तो माणूस वाचला. त्याच्याबद्दल कुणी एक शब्द विचारलेला नाही. वाचलेल्या माणसाची चौकशी होत नसते, ताई.

वॉर्डात दोन नर्स असतात. असायला हव्यात. त्या दुपारी मेट्रनबाई केबिनमधून म्हणाल्या, 'पुरुष वॉर्डातली एक जण अपघात विभागात पाठवा, तिकडे बोंब आहे.' मी फोन केला. निरोप पोचवणं हे माझं काम.

माझं काम काय, हे तू कधी विचारलं नाहीस. मी परिचर्या विभागाची सचिव. मेट्रनबाईंच्या केबिनबाहेर, चादरींच्या कोठाराला लागून माझं टेबल. सकाळी पर्स ठेवायच्या आत फोन सुरू होतात. बाई, ताप आहे. बाई, मुलाला उलट्या होतायत. बाई, सासूबाई पडल्या. एका सासूनं वर्षातून किती वेळा पडावं याला काही मर्यादा नाही. खरं कोण आजारी आहे ते मला आवाजावरून कळतं, तरी सगळ्यांना 'काळजी घे' म्हणते आणि सुट्टीवरच्या कुणाला तरी गयावया करून बोलावते. बाकी मेट्रनबाईंच्या सहीनं जे जे बाहेर जातं ते सगळं मी लिहिते. त्यांचा राग, त्यांचं कौतुक, त्यांचं सांत्वन, सगळं माझ्या भाषेत.

म्हणून भिंगरीला दिलेली कारणे दाखवा नोटीसही मीच लिहिली. मेट्रनबाई म्हणाल्या, 'मऊ लिहा.' मग दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, 'तिला सांगा, उत्तर एका ओळीत दे. चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी खाली शेरा मारते, समज दिली. फाईल कपाटात. वर कुणापर्यंत जाणार नाही.'

ही या विभागाची पद्धत आहे. माझ्या आधीपासूनची. कुणाच्या हातून काही घडलं की पोरगी एक ओळ लिहून देते, मेट्रनबाई दोन शब्द लिहितात आणि कपाट बंद. नोकरी वाचते. आणि वॉर्डात नर्स एकच राहते. मग पुढच्या वेळी दुसरा कुणी पडतो, आणि दुसरी पोरगी लिहून देते की चूक माझी. मी अशा ओळी शेकड्यानं फाईलबंद केल्या आहेत. माझ्या भाचीची ओळ मी तिथे लावणार नाही.

तू काळजी करू नकोस. तिला नर्सच राहायचंय, दुसरं काही येत नाही आणि नकोही आहे. मी इथे असताना तिच्या केसाला धक्का लागणार नाही.

तुझी
धाकटी


१७ जून

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण आज मला बरं वाटतंय आणि सांगायला दुसरं कुणी नाही.

परवा तिच्या खोलीवर गेले. लोखंडी पलंग, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेला युनिफॉर्म. ती जमिनीवर बसून लिहीत होती. लहानपणी बसायची तशीच, एक पाय दुमडून.

'मावशी, झालं माझं.'

मी पाहिलं. तीन ओळी. 'मी शेजारच्या खोलीत गेले होते. आजोबांच्या पलंगाचा कठडा वर केलेला आहे असं मला वाटलं. ते पडले याचं मला फार वाईट वाटतं.'

'हा खुलासा आहे की शाळा बुडवल्याची चिठ्ठी?'

'जे झालं ते लिहिलं.'

'वाईट वाटतं असं लिहिलंस की कबूल केलंस. वाईट ज्यांना वाटायला हवं ते पंख्याखाली फाईली चाळतायत.'

'पण मला वाटतंय ना. त्यांना वाटतं की नाही ते मी कशाला विचारू?'

मी तिला समजावलं. एका माणसाच्या मागे दोन माणसांचं काम लावायचं, आणि तो कोलमडला की त्यालाच विचारायचं तू उभा का नाहीस. हा अन्याय आहे. अन्यायाला जो 'माझी चूक' म्हणतो तो पुढच्या अन्यायाचा खड्डा स्वतः खणून देतो. हे मी काही पुस्तकातलं बोलत नव्हते. म्हणजे, पुस्तकांतलंही होतं. पण खरं होतं.

ती म्हणाली, 'मावशी, मला दवाखाना नाही सुधारायचाय. मला कामावर जायचंय.'

ताई, या वाक्यात तुझा आवाज आला. तू असंच म्हणाली होतीस, सगळ्या घरादेखत, मी तिला नर्सिंगला पाठवा म्हणून तासभर बोलत होते तेव्हा. 'तुझ्या तोंडापुढे कुणाचं चाललंय? ने तिला.' त्या दिवशी जिंकले असं वाटलं होतं. त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

असो. मी तिथेच बसून लिहिलं. चार पानं. दुसरी नर्स कुणाच्या आदेशानं हलवली, किती महिने ही पद्धत चालू आहे, कुणाकुणाला ठाऊक आहे. सगळं. लिहून झाल्यावर तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारच्या खोलीतल्या दोघीजणी दारात येऊन उभ्या राहिल्या. एक वाक्य तुला सांगते, ते मला स्वतःलाच आवडलंय: 'पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं की हा वॉर्ड एका नर्सच्या भरवशावर सोडणं म्हणजे कुणाच्या तरी मरणाची तारीख ठरवणं आहे.' दारातल्या दोघींपैकी एकीनं डोळे पुसले.

भिंगरी म्हणाली, 'हे मला कुठे ठाऊक होतं?'

'तुला ठाऊक नव्हतं तरी खरं आहे.'

तिनं सही केली. पेन जरा जास्त वेळ धरून ठेवलं, पण केली.

मूळ प्रत मेट्रनबाईंना. बाकीच्या प्रती अधीक्षकांना, विश्वस्तांना आणि नर्सेसच्या संघटनेला. आमच्या जावक विभागात एक कारकून आहे, दिवसभर पाकिटं चिकटवतो म्हणून त्याला सगळे डिंक म्हणतात. त्यानं पाकिटं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, 'बाई, नोटीसही तुमची, खुलासाही तुमचाच. मग टपाल कशाला? आरशासमोर उभं राहून वाचा की!'

हसले मी. खूप दिवसांनी हसले.

धाकटी


२५ जून

ताई,

थोडक्यात लिहिते.

मेट्रनबाईंनी आत बोलावलं. चार पानं टेबलावर पसरलेली. त्यांनी चष्मा काढला.

'हे तुम्ही लिहिलंय.'

'सही तिची आहे.'

'सही तिचीच असणार. ती मला रजेचा अर्ज लिहिते तेव्हा रजा शब्द दोनदा खोडते. मरणाची तारीख म्हणे.' मग पानं एकावर एक रचली. 'बाई, मी तुमच्या भाचीला वाचवत होते. तुम्हाला ते दिसलं नाही का? यात माझा आदेश आहे, माझं नाव आहे. ज्यात माझंच नाव, त्याचा निवाडा मी कुठल्या तोंडानं करू? समज दिली असं आता मला लिहिता येत नाही. हे वर गेलं.'

'जाऊ दे वर. वर गेल्याशिवाय उजेड पडत नाही.'

'कुणावर पडतो ते बघा,' त्या म्हणाल्या.

मी त्यांना भित्र्या समजत आले. आजही समजते. पण त्या दिवशी त्यांचा आवाज भ्यालेल्या माणसाचा नव्हता, दमलेल्या माणसाचा होता.

आणखी एक. त्या आजोबांची मुलगी आली होती. माझ्याच वयाची असेल. टेबलासमोरच्या खुर्चीत बसली, हातात त्यांच्या चपलांची पिशवी. चपला वॉर्डातच राहिल्या होत्या.

'मला भांडायचं नाही हो,' ती म्हणाली. 'तिथे जी सिस्टर होती, तिला एकदा भेटायचंय. बाबांनी हाक मारली होती का, एवढंच विचारायचंय.'

भिंगरी कोठाराच्या दाराशी उभी होती. तिनं ऐकलं. पाऊल पुढे टाकलं. मी मान हलवली. नाही. प्रकरण चालू असताना आपल्या माणसानं समोरच्याशी बोलायचं नसतं, हे मी तिला आधीच बजावलं होतं. तोंडातून गेलेला शब्द कोण कसा फिरवेल याचा नेम नाही.

'चौकशी चालू आहे,' मी त्या बाईला म्हणाले. 'लेखी कळवण्यात येईल.'

ती थोडा वेळ बसून राहिली. मग पिशवी उचलून गेली. दोन दिवसांत तिची लेखी तक्रार आली.

भिंगरी सध्या जेवत नाही नीट. तू फोनवर विचार, पण मी सांगितलं म्हणू नकोस.

धाकटी


९ जुलै

ताई,

आज चौकशी झाली. तुला खरं काय ते कळावं म्हणून लिहिते.

अधीक्षक, दोन डॉक्टर आणि मेट्रनबाई. लांब टेबल, एका टोकाला भिंगरी. युनिफॉर्म घालू नये असं सांगितलं होतं, म्हणून साध्या कपड्यांत. इतकी लहान दिसत होती.

आजोबांच्या मुलीला आधी बोलावलं. अधीक्षकांनी विचारलं, एवढ्या दिवसांनी तक्रार का केली? ती म्हणाली, 'इथे कुणी माझ्याशी बोललंच नाही. मग दुसरं काय करणार?' तिला बाहेर पाठवलं.

मग अधीक्षकांनी खुलासा हातात घेतला. मला वाटलं होतं पहिलं पान वाचतील, जिथे पाळ्यांचा सगळा कारभार मांडला आहे. त्यांनी दुसरं पान काढलं. त्यातलं ते वाक्य वाचलं. चांगलं वाचलं, थांबून थांबून.

'पहिल्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक होतं?'

भिंगरी त्यांच्या हातातल्या पानाकडे बघत राहिली.

'वॉर्ड एकट्या नर्सवर सोडला तर माणूस मरेल, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही बाहेर गेलात. आणि जाताना पलंगाचा कठडा वर आहे की खाली, हेही पाहिलं नाही.'

'मला वाटलं वर आहे.'

'ते इथे कुठेच नाही. चार पानांत कठडा हा शब्द नाही. वाईट वाटलं असंही कुठे नाही.' त्यांनी पानं खाली ठेवली. 'हे बघा, धोका ठाऊक नसतो त्याच्या हातून चूक होते. ज्याला ठाऊक असतो, त्याची चूक म्हणता येत नाही. हे तुम्हीच लिहिलंय ना?'

तिनं खोलीत एकदा सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, 'हो.'

बस्स. अर्ध्या तासात संपलं. मेट्रनबाई शेवटपर्यंत टेबलाच्या लाकडाकडे बघत होत्या.

निकाल यायचा आहे. अजून सगळं संपलेलं नाही. मी अपील लिहायला घेतलं आहे.

धाकटी


१४ जुलै

ताई,

निकाल आला. बडतर्फ. आणि परिचर्या परिषदेकडे अहवाल, म्हणजे सुनावणी होईपर्यंत तिची नोंदणीही स्थगित. कुठल्याच दवाखान्यात तिला आता पाय ठेवता येणार नाही. सुनावणी कधी, ते कुणी सांगत नाही. परिषदेतल्या माणसाला मी फोन केला तर म्हणाला, 'बाई, रांग मोठी आहे.'

आदेश मी टाइप केला. अधीक्षकांच्या कार्यालयातून मजकूर आला होता, त्यात व्याकरणाच्या चुका होत्या. त्या मी दुरुस्त केल्या. सवयीनं.

गेल्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही.

चौकशीच्या खोलीत मी होते. तुला वाटलं असेल मी बाहेर दाराशी ताटकळत होते, मीही तसंच वाटू दिलं. मी आत होते. विभागाच्या सचिवानं इतिवृत्त लिहायचं असतं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पेन घेऊन बसले होते. आणि अधीक्षकांनी 'हे तुम्हीच लिहिलंय ना' असं विचारलं तेव्हा तिनं सगळीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी बोलू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं: ते मी लिहिलंय, तिला ठाऊक नव्हतं. चार शब्दांची चार पानं करणारी बाई मी. शाळेपासून व्यासपीठ दिसलं की माझे पाय आपोआप चालू लागतात, तुला माहीत आहे. पण विभागाच्या सचिवानं आरोपीचा खुलासा लिहिणं म्हणजे माझी नोकरी गेली. हे मला त्याच क्षणी, अगदी स्वच्छ कळलं. आणि मी खाली मान घालून लिहिलं: 'सदर परिचारिकेनं होकार दिला.'

ती मला काही बोललेली नाही. एकदाही नाही. काल सामान बांधताना अपिलाचा कच्चा मसुदा मी तिच्या हातात दिला. तिनं घडी करून परत दिला. म्हणाली, 'मावशी, हा आता राहू दे.' मग खाली बसून पिशवीची चेन लावत राहिली. ती अडकत होती. मी मदत करायला गेले तर म्हणाली, 'मी करते.'

निघायच्या आधी ती त्या आजोबांच्या मुलीकडे गेली होती. पत्ता कुठून मिळवला कोण जाणे. मला आल्यावर सांगितलं. मी विचारलं, काय म्हणालीस? तर म्हणाली, 'खरं सांगितलं. मी दुसऱ्या खोलीत होते, त्यांची हाक मला ऐकू आली नाही.' त्या बाईनं तिला पाणी दिलं, जवळ बसवून घेतलं. दोघी रडल्या म्हणे. हे महिन्यापूर्वी झालं असतं, आणि तिच्या तीन ओळी मी तशाच जाऊ दिल्या असत्या, तर तक्रार आली नसती. मेट्रनबाईंचा शेरा, कपाट, आणि भिंगरी आज दुपारच्या पाळीला.

ती उद्याच्या गाडीनं तुझ्याकडे येते आहे. तिला काही विचारू नकोस. आणि माझ्यावरचा राग तिच्यासमोर काढू नकोस, ती माझी बाजू घेईल. ते मला सहन होणार नाही.

धाकटी


३० ऑगस्ट

ताई,

भिंगरी कशी आहे? फोन केला तर भावजी म्हणतात, 'झोपलीय.' दुपारी चारला केला तरी झोपलीय, सकाळी अकराला केला तरी झोपलीय. हे खरं असेल तर मला कळव. खोटं असेल तर कळवू नकोस.

तिला दुकानात वगैरे बसवायचा विचार असेल तर घाई करू नकोस, असं लिहिणार होते. मग वाटलं, मी कोण सांगणारी.

इकडची एक बातमी आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

विश्वस्तांकडे गेलेली प्रत त्यांच्यातल्या कुणीतरी खरंच वाचली. बैठकीत मोठ्यानं वाचली म्हणे. या महिन्यापासून आदेश निघालाय की पुरुष वॉर्डातून कुठल्याही कारणानं दुसरी नर्स हलवायची नाही. तीन नव्या जागा मंजूर झाल्या. एक भिंगरीची होती तीच. मुलाखतींना आलेल्या पोरींना मी रांगेत बसवलं, पाणी दिलं. एकीनं विचारलं, 'मॅडम, इथे एका नर्सला किती पेशंट असतात?' मी आकडा सांगितला. ती शेजारणीला म्हणाली, 'अगं, बरं आहे की इथे.'

वॉर्डातून चालत गेले त्या दिवशी. दोन नर्स होत्या. एक औषधं वाटत होती, दुसरी एका म्हाताऱ्याला धरून संडासापर्यंत नेत होती. सावकाश, त्याच्या गतीनं. मी जे जे लिहिलं होतं ते खरं होतं, ताई. प्रत्येक शब्द खरा होता. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला कुठल्याच गोष्टीचा आनंद होईना.

मेट्रनबाईंनी मुदतीआधी निवृत्ती मागितली आहे. तो अर्जही माझ्याकडून लिहून घेतला नाही, स्वतः लिहिला. दोन ओळींचा.

परवा नर्सेसच्या संघटनेनं कपडे बदलायच्या खोलीत छोटी सभा ठेवली होती. खुलासा कुणी लिहिला हे काही गुपित राहिलेलं नाही. ज्यांना माझी नोकरी घेता आली असती त्यांनाच आता त्यात रस नाही. पोरी म्हणाल्या, बाई, तुमच्यामुळे झालं, दोन शब्द बोला. मी नको म्हणाले. डिंक दारातून ओरडला, 'बाईंना दोन शब्द सांगताय? दोन तास म्हणा!' सगळे हसले. कुणीतरी हाताला धरून मला पुढे आणलं.

मी ठरवलं होतं की फक्त तिचं नाव घेईन आणि खाली बसेन. जिच्या नोकरीवर हे सगळं उभं आहे तिचं नाव. बस्स.

मग मी पहिलं वाक्य बोलले. खोली शांत झाली. बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या पोरी, काहींच्या अंगावर अजून रात्रपाळीचे कपडे, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. दुसरं वाक्य आलं, तिसरं आलं. आवाज चढला. दमलेल्या माणसाकडून माफी मागून घेणाऱ्या जगाबद्दल बोलले, कपाटांबद्दल बोलले, उजेडाबद्दल बोलले. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं आपोआप जमत गेलं. शेवटी टाळ्या थांबेनात.

मी फार चांगलं बोलले, ताई. आणि बोलत होते तेवढा सगळा वेळ मला तिची आठवण झाली नाही.